स्टीलचा गिलास

भिलाईच्या प्लांटात क्रेन चालवलेल्या देवरावांचे हात पार्किन्सननं थरथरू लागले, तेव्हा सिंधूताईंनी कपबशी कपाटात ठेवून नवऱ्याला स्टीलच्या गिलासात चहा द्यायला सुरुवात केली. नव्या गोळीनं हात स्थिरावले, कपबशी परत आली. देवराव सेक्टर दहाच्या बगिच्यात पुन्हा पत्ते पिसू लागले म्हणून सिंधूताईंनी मारुतीला नारळ फोडला. पण त्याच पत्त्यांवर आधी स्कूटर गेली, मग सिंधूताईंच्या पाटल्या. “या वयात जुवा! शरम कावून नाही वाटत तुमाले?” त्या रोज कडाडायच्या. आज डॉक्टर म्हणाले, “जुगाराची ओढ त्या गोळीनं लावलीय. गोळी कमी केली तर ओढ सुटेल, पण थरथर परत येईल. ठरवा.” घरी सिंधूताईंनी चहाची कपबशी पुढ्यात ठेवली. देवरावांनी ती थेंबही न सांडता मागं सारली. “सिंधू, मले आता गिलासातच देत जा.”