वळणाचं तेल

धुक्यातून गाडी कोपऱ्यावर वळली आणि मागच्या चाकांच्या मधून कटकट आवाज आला. खिशातल्या गोट्या एकमेकींवर घासाव्यात तसा. मास्तरांनी खिडकीच्या काचेला कान लावला. त्यांच्या डोळ्यांत आता फक्त उजेड आणि अंधार उरला होता. बाकीचं जग कानांनीच आत यायचं.

शेडचं दार सरकलं. बाहेरच्या जिन्यावर जड बूट वाजले, वरच्या खोलीचं दार लागलं. थोड्या वेळाने सून आतल्या जिन्याने अनवाणी खाली आली. हातात चहा होता.

“आजही कटकटली,” मास्तर म्हणाले. “सांग तुझ्या नवऱ्याला, मागच्या गिअरचं तेल बदल म्हणावं.”

“सांगते, बाबा.”

बापलेकांचा अबोला ती लाल, बुटकी स्पोर्ट्स कार दारात आली त्या दिवसापासूनचा. ‘ह्या गाडीत बसणार असशील तर माझ्याशी बोलू नकोस,’ असं मास्तर रागाच्या भरात बोलून गेले होते, आणि मुलगाही त्यांच्याच वळणावर गेलेला. तेव्हापासून सगळे निरोप सुनेमार्फत. पुढे मास्तरांचं मोठं दुखणं झालं. मनाला लागेल असं काही यांच्यापुढे काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यामुळे घरात तो विषय कुणी काढत नसे.

संध्याकाळची ती कटकट ऐकली की मात्र मास्तरांना दोन घास जायचे. ज्या दिवशी गाडी उशिरा यायची, त्या दिवशी ताट तसंच राहायचं. सुनेने ते पाहिलं होतं.

“बस जरा,” मास्तर म्हणाले. “उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली. घरात तेवढी तू राहिलीस. दे बरं हात.”

तिने हात दिला.

“समज, दोन मुलं हात धरून खांबाभोवती फिरतायत. बाहेरच्याला काय करावं लागेल?”

“धावावं लागेल.”

“आणि आतल्याला?”

“जागच्या जागी पाय हलवावे लागतील.”

“शाब्बास! चाकांचंही तसंच. साध्या गाडीत ती एकमेकांचा हात सोडूनच देतात. मग एक चिखलात घसरलं की दुसरं ढिम्म. ह्या गाडीत हात सुटत नाही. वळताना सैल होतो, घसरताना घट्ट होतो. पण तेल चुकलं, की हात धरायच्या ऐवजी मनगट पिरगाळतो. तीच ती कटकट.” त्यांनी तिचं मनगट हलकंच पिरगाळलं. ती हसली.

“आणि हेही सांग त्याला. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नाही. नजर जायचं तिथे ठेवायची, भिंतीवर नाही. नजर जाते तिथेच गाडी जाते.”

“सांगते.”

“काल सांगितलंस ना, गिअर हळू टाक म्हणून? आज ऐकलं मी. मुरतंय हळूहळू.”

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने फळीवर दोन डबे ठेवले. दाटपणा दोन्ही तेलांचा सारखाच.

“तेल म्हणजे जावई, वहिनी. नुसतं वरून बघून घेऊ नये. हे साधं गिअर ऑइल. आणि ह्यात लिमिटेड स्लिपसाठीचं, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढायला लावणाऱ्या चकत्यांसाठीचं, औषध मिसळलेलं. हे घातलं की त्या चकत्या वळणावर अलगद सरकतील. आवाज बंद.”

“आणि साधं घातलं तर?”

“आता चाललंय तेच. चकत्या झिजतील. एखाद्या ओल्या वळणावर धरून बसल्या, तर मागचं अंग फेकलं जाईल.” तो गाडीखाली वाकला. “अपघातानंतर पत्रा नवा, काच नवी, रंग नवा. मूळचं म्हणाल तर मागच्या दोन चाकांना जोडणारं हे डिफरन्शियल तेवढं राहिलंय. त्याचे हाल करू नका.”

तिने दोन्ही डबे फिरवून लेबलं वाचली. बाहेर दुपार असूनही धुकं दाराशी येऊन थांबलं होतं, आत येऊ का विचारत असल्यासारखं.

“आवाज गेला, तर बाबांना कसं कळणार गाडी आली ते?”

मेकॅनिक फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“असं किती दिवस चालवणार, वहिनी?”

“चालतंय तोवर.”

तिने साध्या तेलाच्या डब्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे धुक्यात विरघळले होते. कोपऱ्याच्या अलीकडे गाडी मंदावली, मग वळली. कटकट. शेडचं दार, जड बूट, वरच्या खोलीचं दार. मग अनवाणी पावलं आणि चहाचा वास.

“साधंच घातलं ना?” मास्तरांनी विचारलं.

“हो. हेच बरं, असं हे म्हणाले.”

मास्तरांनी कप घेतला, चाचपडत बाजूला ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. गिअरच्या तेलाचा उग्र वास साबणाने जात नाही. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, लहान लहान घट्टे होते. त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला, वहीवरचं अक्षर तपासावं तसा.

“उद्या औषधवालं घालून घे.”

“पण बाबा, मग आवाज...”

“आवाज नसला तरी कळतं मला. त्या वळणावर तो कधीच ब्रेक लावायचा नाही, पोरी. तू लावतेस. म्हणून तर तू घरी येतेस.”