बुडाला एकदाचा

लढाईमुळे विलायती कापूस येईना आणि शहाद्याच्या दवाखान्यात जखमांवर बांधायला बोळाभरही उरला नाही. डॉक्टरांनी शेतातला कापूस पेल्यातल्या पाण्यात टाकला, तर तो ऐटीत तरंगला. "जो पाणी पीत नाही, तो रक्त काय पिणार?" डॉक्टर वैतागले. दवाखान्याच्या चादरी धुणारी धनुबाई परटीण म्हणाली, "तेलकट शे तो. भट्टीमा टाकी दखू." कंपाउंडर फिस्सकन हसला. "कापूस आहे तो, धोतर नव्हे!" धनुबाईने कापूस पापडखारात दिवसभर उकळला, गोमाई नदीत खळबळून वाळवला. मग बोळा पेल्यात सोडला. तो तळाला गेला! "बुडना रे, बुडना!" ती नाचतच ओरडली. कंपाउंडर दोर घेऊन विहिरीकडे धावताना पायरीवर सपशेल आपटला. धनुबाईने फुटलेल्या गुडघ्यावर कोरडा बोळा दाबला. तो गटागटा रक्त प्यायला. "बुडालं कोण?" कंपाउंडर कण्हला. "हाऊ कापूस. धोतर नई!"