उजवी बाजू

"अजूनही सगळं डावीकडूनच येतंय," शोभना म्हणाली, आणि अरुणनं हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला.

सात आठवडे तो या रेडिओशी झटत होता. एकसष्ट साली अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ सुरू झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी बनलेला हा लाकडी पेटीचा सेट. इथल्याच ईडन प्रेरी गावातल्या एका अमेरिकन म्हाताऱ्याच्या घरचं सामान विकायला काढलं होतं, तिथून त्यानं तो उचलून आणला. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला शोभनाला समोर बसवायचं आणि दोन्ही बाजूंनी भरून येणारं गाणं ऐकवायचं, एवढीच त्याची हौस. तो वाढदिवस आज होता.

शोभना अलीकडे भिंत धरून चालायची. चक्कर येते म्हणून तिनं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती. पण नेमका त्याच गुरुवारी रेडिओचा पार्ट येणार होता. सही करायला त्याला घरी थांबणं भाग, आणि हिला ड्राइव्ह करता येत नाही. "वय झालं की येते थोडी चक्कर," असं म्हणत अरुणनंच फोन करून ती कॅन्सल केली. त्यावर ती काहीतरी बोलली होती. बायकोचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देण्यात तो चांगलाच मुरलेला होता.

"हा लाल दिवा पेटलाय, दिसतोय ना? म्हणजे स्टेशनवरून स्टिरिओ येतंय. मीटर दोन्हीकडे सारखं दाखवतोय. मलाही दोन्हीकडून ऐकू येतंय!"

"मला नाही येत. उजवा गप्पच आहे."

"पस्तीस वर्षं टेस्टिंग केलंय मी, शोभना. फॉल्ट कुठे आहे ते तू मला शिकवू नकोस."

एवढा खटाटोप केला आणि हिला त्याची किंमत नाही! अरुणला संताप आला, आणि खरं तर रडूही. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यानं तिची फिरती खुर्ची तिच्यासकट गर्रकन वळवली. शोभनानं डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरले. आता तिची पाठ रेडिओकडे होती.

"आता उजवा स्पीकर तुझ्या डाव्या हाताला आलाय. बिघडलाय ना तो? मग सांग, आवाज कुठून येतोय?"

तिनं बराच वेळ कानोसा घेतला.

"डावीकडूनच."

"बघ!" अरुणनं टाळी वाजवली. "म्हणजे उजवा चालतोय! मघापासून मी काय सांगत होतो?"

शोभना हसली नाही. तिनं उजव्या कानावर हात ठेवला.

"अहो, त्या गुरुवारी मला डॉक्टरांना हाच दाखवायचा होता."