घाटातली ट्रायल

रहेमतुल्ला मिस्त्रीनं पंजाबरावांच्या वडिलांच्या वेळच्या कारमध्ये नव्या गाडीचं टर्बो इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला. महिनाभर त्यानं दुसऱ्या गाडीला हात लावला नव्हता. ट्रायल बघायला निम्मं मोताळा गॅरेजसमोर जमलं.

"एवढ्या पैशात नवीच घेतली असती, भाऊ," कोणीतरी पंजाबरावांना म्हणालं.

"नव्या गाडीचं मागचं सीट एवढं लांब नसते," मिस्त्रीनंच उत्तर दिलं. चावी पंजाबरावांच्या हातात देऊन तो स्वतः त्या सीटवर आडवा झाला. लोक हसले.

राजूरचा घाट गाडी एका दमात चढली. मिस्त्री पडल्यापडल्या सांगत होता, "या वळणावर मानीले गचका बसते. गिअर हळू टाका." बुलढाण्याच्या दवाखान्याच्या फाटकात त्यानं घड्याळ पाहिलं. "पंचवीस मिनिटं."

पंजाबरावांनी इंजिन बंद करून मागच्या सीटकडे पाहिलं. गेल्या साली कपाशी फवारताना विष चढलेला त्यांचा सालगडी देवमन याच सीटवर आडवा होता, आणि घाटात जुनं इंजिन तापून बंद पडलं होतं.

"सोमवारपासून फवारण्या सुरू होतील," मिस्त्री उठून बसत म्हणाला. "चावी दाराबाहेरच्या खिळ्याले टांगून ठेवजा."