दाराबाहेर देव

देवळाचं दार धाडकन लागलं आणि बायकांच्या रांगेतून हशा उसळला. पालखीतले देव, पेरुमाळ, भर उन्हात खोळंबले. तीन रात्री नदीपलीकडच्या गावी राहून आले होते, देवीला न सांगता. दरवर्षीच जायचे. दरवर्षीच दार लागायचं.

दाराआडून देवीच्या वतीने शारंगपाणी पोथीतलं भांडण भांडायचा आणि बाहेरून देवाच्या वतीने सौंदरराज भट्टर. दोघेही पुजारी, आणि मेहुणे. यंदा सौंदरराजची बायको वेदवल्ली पन्नास दिवस भावाकडे, म्हणजे शारंगपाणीकडेच होती. पाहुण्यांसमोर तो तिच्या चिंचेच्या भाताला म्हणाला होता, "हा हत्तीसुद्धा खाणार नाही." तिने पातेलं उचललं, देवळाच्या हत्तीपुढे ठेवलं, त्याने ते चाटूनपुसून खाल्लेलं पाहिलं आणि तशीच परस्पर भावाकडे गेली. तिथेही चूल तिच्याच गळ्यात पडली, कारण भावजय अलमेलू आईच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी माहेरी गेली होती.

सौंदरराज पन्नास दिवस दहीभातावर होता. माफी मागायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. देवाच्या वतीने मात्र तो दरवर्षी अस्खलित मागायचा.

"भक्तहो," त्याने माइक घेतला, "दार म्हणजे अहंकार. देवी म्हणजे करुणा. करुणेनं कडी काढल्याशिवाय देवालाही आत वाट नाही. हे सगळं प्रतीक आहे."

"प्रतीक राहू द्या," आतून शारंगपाणी गरजला. "तीन रात्री होतात कुठे?"

"अंगठी हरवली होती. शोधत होतो."

"आणि गालावर ओरखडे कसले?"

"शिकारीत काटे लागले."

"म्हणजे अंगठी वाघानं नेली होती?"

बायका खिदळल्या. रिवाजाप्रमाणे त्यांनी लोण्याचे गोळे फेकले. एक देवाला लागला, चार सौंदरराजला. फरशी तापली होती. खांदेकरी आळीपाळीने पाय उचलत होते, त्यामुळे वर पेरुमाळ नाचत असल्यासारखे दिसत होते.

सौंदरराजने पोथीतली शेवटची ओळ म्हटली, "देवी, चूक झाली. पुन्हा असं होणार नाही."

इथे दार उघडतं. ते उघडलं नाही.

"कोण बोलतंय?" आतून विचारणा झाली.

"पेरुमाळ."

"पेरुमाळांना केव्हाच माफ केलंय. बाहेर आणखी कुणी आहे का?"

हे पोथीत नव्हतं. बायकांच्या रांगेत वेदवल्ली गोपुराकडे बघत उभी होती, जणू ते आजच बांधून झालं होतं.

"हत्तीनं भात खाल्ला की नाही?" आतून शारंगपाणीने विचारलं.

"खाल्ला," सौंदरराज पुटपुटला.

"माइकवर सांगा!"

"खाल्ला!"

पुरुषांची रांगसुद्धा हसली. "भट्टर, पाय भाजतायत!" एक खांदेकरी ओरडला. "काय ते बोलून टाका एकदाचं!"

सौंदरराजने माइक खाली ठेवला. पोथी मिटली. घसा दोनदा खाकरला.

"वेदा, भात चांगला होता. जिभेला हत्तीइतकीही अक्कल नव्हती माझ्या. चुकलं माझं. घरी चल."

वेदवल्लीच्या हातात एकच गोळा उरला होता. तो तिने नेमका त्याच्या नाकावर मारला. मग पदर खोचत म्हणाली, "चिंच आहे का घरात, की तीही संपवलीत?"

कडी निघाली. नादस्वरम् वाजू लागलं, बायकांनी एकच गलका केला आणि पेरुमाळ अक्षरशः धावत आत शिरले.

त्या गर्दीत शारंगपाणीने सौंदरराजचा दंड धरून त्याला खांबाआड ओढलं. आता मेहुण्याचे आभार मानावेच लागणार, म्हणून नाकावरचं लोणी पुसत सौंदरराजने तोंड उघडलं. पण शारंगपाणीच्या हातात पेन्सिल होती, आणि अभिषेकाची एक जुनी पावती, मागून कोरी.

"भाऊजी, ते शेवटचं पुन्हा सांगा. सावकाश," तो दबक्या आवाजात म्हणाला. "अलमेलूच्या आईचा गुडघा ठणठणीत आहे."