चेहरा तेवढा उजळला

पिरोश्का मावशींच्या पायावरची चादर सरकली आणि त्यांच्या गालावर थेंब टाकणारा एमोकेचा हात थांबला. नडगीवर निळेकाळे डाग होते. एक-दोन नव्हे, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. मध्येच बोटभर लांबीची जखम, ओली.

"मावशी, हे काय?"

"कुठं काय? ती जुनी आहे गं. दहा वर्षांची होते, मिरचीच्या शेतात खुरपं लागलं होतं." मावशी डोळे न उघडताच म्हणाल्या. "तू आपलं काम कर."

अडुसष्ट वर्षांपूर्वीची जखम आणि तिला आज पाणी सुटतंय! पार्लरच्या खुर्चीत बायका वयापासून नवऱ्यापर्यंत सगळ्याबद्दल खोटं बोलतात, याची एमोकेला सवय होती. पण इतकं उघड खोटं तिनं ऐकलं नव्हतं.

मावशींचा चेहरा मात्र तिच्या हातची करामत होती. सप्टेंबरात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा गाल आणि नाक भाजल्यासारखं लालभडक होतं. पिरोश्का म्हणजे हंगेरियनमध्ये लालीच. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची म्हणे. एमोकेनं ते मनावर घेतलं. दर गुरुवारी व्हिटॅमिन सीचे थेंब आणि हलका मसाज. आता मार्च उजाडला होता आणि मावशींचे गाल तुकतुकीत झाले होते. त्यांचे आधीचे आणि आत्ताचे फोटो तिनं भिंतीवर लावले होते. "मिरचीतून व्हिटॅमिन सी काढलं ते आपल्या सेगेदमध्ये," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "डाग उजळतात, सुरकुत्या भरतात, कातडी आतून घट्ट होते. आपल्याच गावचं औषध आहे, लावायला लाजता कशाला?"

तिनं मावशींची बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे वळ उमटले होते.

"हे वेन्देलचं काम?"

वेन्देल म्हणजे त्यांचा मुलगा. पन्नाशीचा, बिनलग्नाचा, ट्राम चालवणारा. मावशींनी डोळे उघडले आणि छताकडे पाहिलं.

"जेवणावरून वाजतं आमचं," त्या म्हणाल्या. "वाईट नाहीये गं तो. तापट आहे."

एमोकेच्या डोक्यात तिडीक गेली. मावशींचे सैल झालेले कपडे तिला आत्ता दिसले. जिना चढताना दोनदा बसावं लागतं म्हणाल्या होत्या, तेही आत्ता आठवलं. हात पुसायला म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं पोलिसांना फोन लावला.

वेन्देल आईला न्यायला आला. त्यानं कोपराला धरून तिला उठवलं, तशी मावशी कळवळल्या.

"उठ की आई. किती नाटकं करशील?"

एमोके मध्ये जाऊन उभी राहिली. "हात काढा आधी. आईला उपाशी ठेवता आणि वर मारता? लाज नाही वाटत?"

"मी? उपाशी ठेवतो?" वेन्देल हसला. नको त्या वेळी हसला बिचारा. तोंडाला लेप लावून बसलेल्या दोन बायकांनी ते हसू पाहिलं, आणि दारात आलेल्या पोलिसांनीही. त्याला गाडीत बसवून नेलं. गाडी चौकीत पोचायच्या आत बातमी ट्राम डेपोत पोचली असणार. आमचं गाव या बाबतीत भलतंच तत्पर आहे.

"माझ्या पोरानं नाही हो मारलं!" मावशी रडत राहिल्या. मार खाणारी प्रत्येक आई हेच म्हणते, असं एमोकेला वाटलं. ती त्यांचा हात धरून इस्पितळात गेली. तिला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि तो लपवावा असंही वाटत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी डाग जेमतेम पाहिले. मग मावशींना आ करायला लावला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. एक दात बोटानं हलत होता.

"यांना कुणी मारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "स्कर्व्ही आहे. पूर्वी खलाशांना व्हायचा. अंगातलं व्हिटॅमिन सी संपलं की हात लागला तरी डाग पडतो. जुन्या, भरलेल्या जखमासुद्धा उसवतात. मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं."

त्या खलाशांची गोष्ट एमोकेला पाठ होती. थेंबांची बाटली विकताना ती रोज सांगायची. मावशी जखमेबद्दल खरंच बोलत होत्या. आणि वेन्देल अजून चौकीत बसला होता. तरीही तिचा राग पुरता विझला नाही.

"पण मुलगा यांना खायला घालतो तरी काय?"

"तो कशाला घालेल? मीच करून खाते," मावशी म्हणाल्या. "पाव, चरबी, शेवया. चहा."

"फळं? टोमॅटो? कोबी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "निदान मिरची तरी?"

"छे! सप्टेंबरापासून सगळं बंद." मावशींनी डोळे पुसले आणि एमोकेकडे कौतुकानं पाहिलं. "हिनंच पथ्य दिलंय ना. आंबट नको, तिखट नको, त्यानं गाल लाल होतात. लागेल तेवढं व्हिटॅमिन सी मी वरून, कातडीतून घालते म्हणाली."

डॉक्टरीणबाई एमोकेकडे वळल्या.

"तुझा शब्द मी एकदासुद्धा मोडला नाही हो पोरी," मावशी म्हणाल्या. "काल वेन्देल माझा हात घट्ट धरून रडत होता, संत्र्याची एक फोड खा म्हणून. पण मी तोंड उघडलं नाही."