उंबऱ्याची फळी

आबाजींनी जन्मभर यंत्रं घडवली, पण चाललं ते एकच. पुढच्या दाराच्या उंबऱ्यात त्यांनी एक फळी बसवली होती. घरातलं माणूस बाहेर पडलं की तिच्याशी जोडलेला आकडा एकानं वाढे, परतलं की एकानं घटे. मोहफुलं वेचायला गेलेले सगळे जंगलातून आले का, ते कळावं म्हणून. पाहुण्यांनी मागच्या दारानं यायचं, असा नियम होता.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको, सीताआजी, एकटीच मोहाला गेली. आबाजी नव्या पंपात गुंतले होते. सापडली ती फक्त टोपली. तेव्हापासून आबाजी घरात असले तरी आकडा एकवरून खाली येत नसे.

नात निशा त्यांना भद्रावतीला न्यायला आली, तीही मागच्याच दारानं.

"तुही आजी बाहेर हाय अजून," आबाजी म्हणाले. "दार लावून कसा येऊ?"

"त्या दिवशी सोबत काऊन नाई गेले, आबाजी?"

आबाजींनी दाराकडे पाठ फिरवली.

निशा मागून बाहेर पडली आणि वळसा घालून पुढच्या दारानं आत आली. आकडा शून्य झाला.

"पाहा. आली आजी."

"तू नुसतं सांगतलं असतं तर मानलं नसतं," आबाजी काठी शोधत म्हणाले. "हे यंत्र खोटं नाई बोलत."

भर दुपारी दोघं पुढच्या दारानं निघाले. कुलूप लावायला निशा वळली. आकडा दोन होता.

ती पाहत असतानाच रिकाम्या उंबऱ्यात फळी हळूच दबली, आणि आकडा तीन झाला.